गाडी झटके खातेय, पी०३०२ कोड येतोय

प्रश्न: चार सिलेंडरची पेट्रोल गाडी आहे, उभी असली की अख्खी थरथरते आणि चढावर पिकअपच घेत नाही, स्कॅनर लावला तर पी०३०२ आला, प्लग तर मागच्याच महिन्यात बदललेत, आता काय बघू?

उत्तर: म्हणजे २ नंबरचा सिलेंडर मिस करतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) असेल तर इंजिन बंद करून २ आणि ३ ची कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, थोडी चालवून बघा. पी०३०३ आला, म्हणजे मिस ३ नंबरवर गेला, तर कॉइलच गेली समजा. कोड नाही हलला तर प्लग, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), शेवटी कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) बघा.

उत्तर: चेक इंजिन लाईट लुकलुकत असेल तर दामटू नका हो, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाइपातला, धूर साफ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो, मग खर्च कितीतरी मोठा.

प्रश्नकर्ता: पी०३०३ च आला! कॉइलच्या खालच्या रबराला केसाएवढी चीर होती आणि प्लगच्या पांढऱ्या भागावर काळी उभी रेघ, तिथूनच करंट बाहेर जात होता बहुतेक.

उत्तर: मग तो प्लगपण बदला, नाहीतर त्या रेघेपायी नवी कॉइलही जाईल. आणि प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आधी करून घ्या, रबर त्यानेच फुगून फाटतं.