प्रस्तावाची सुरुवात मराठीच्या थोरवीने करू नका

प्राथमिक शिक्षिका, डिचोली
भाषाशिक्षकांच्या परिषदेत सादरीकरण करायला मिळावं म्हणून सहकाऱ्यांनी लिहिलेले चार प्रस्ताव वाचले. शब्दमर्यादा २५०, आणि तिघांचे पहिले शंभर शब्द मराठीच्या थोरवीत गेलेले. निवड समितीत भाषेचेच शिक्षक असतात, त्यांना ती पटवायची गरज नाही. वर्गात नेमकं काय अडलं, तुम्ही काय केलंत आणि ऐकणाऱ्याच्या हाती काय लागेल, एवढं त्यांना हवं असतं.

गोव्यातल्या आपल्या मराठी शाळांत बहुतेक मुलांच्या घरी कोकणी आणि वर्गात मराठी. चौथीतलं मूल लिहितं, 'माझी धाकटी बहीण आलं.' आपण लाल रेघ मारतो. पण कोकणीत वयाने लहान मुलीला 'तें' म्हणतात, नपुंसकलिंगी. मूल घरचा नियम पाळतंय! प्रस्ताव इथूनच सुरू व्हावा. शीर्षकही तेच: 'बहीण आलं: चौथीच्या वह्यांतला लिंगविचार'. 'मराठी अध्यापन: समस्या व उपाय' या शीर्षकातून काय कळतं?

निवृत्त मुख्याध्यापक, पेडणे
मला हे पटत नाही. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. ही पार्श्वभूमी नसेल तर नागपूरच्या वाचकाला तुमचं 'बहीण आलं' निव्वळ चूक वाटेल. शिवाय अशा बांधेसूद लेखनाची सवय असलेल्यांचीच निवड होते. आमच्या शाळेतल्या एक बाई तीस वर्षं उत्तम शिकवतात, पण २५० शब्द लिहायला सांगितले की मागे सरतात. त्यांचं ज्ञान वाया जायचं का?

माध्यमिक शिक्षक, फोंडा
सर, पार्श्वभूमी हवीच, पण दोन ओळींत. बऱ्याच ठिकाणी प्रस्ताव नाव झाकून वाचतात, तिथे तीस वर्षांचा अनुभव मजकुरातूनच दिसावा लागतो. आणि वेळेचा हिशेब मांडा. मी वीस मिनिटांत तीन उपक्रम, सिद्धान्त आणि चर्चा बसवणार असं लिहिलं होतं. प्रस्ताव परत आला, आणि ते योग्यच होतं. आता एकच उपक्रम घेतो: श्रोत्यांना मुलांच्या चार ओळी देऊन तपासायला लावतो.

शिक्षिका, सत्तरी
एका वर्गावरून 'कोकणीभाषक मुलं अशी लिहितात' असं ठोकून देऊ नका. मुलं किती, वह्या किती महिन्यांच्या, ते लिहा.

प्राथमिक शिक्षिका, डिचोली
हे मान्य, 'माझ्या वर्गात' असंच लिहायला हवं. सर, बाईंनी सांगावं, कुणा तरुण शिक्षकाने लिहून घ्यावं, आणि प्रस्तावावर दोघांची नावं द्यावीत. मी स्वतः लिहून घ्यायला येईन.

निवृत्त मुख्याध्यापक, पेडणे
बाईंचं नाव आधी असेल तर विचारतो त्यांना. पण कायद्याची ती ओळ राहील.