माहेरचं घर उतरवतोय. आठवणीच्या वस्तूंतलं काय ठेवू, कसं ठेवू?

वडगावची लेक (बेळगाव)

वडगावातलं आमचं माहेरचं घर आता उतरवायला काढलंय. भावाने दिवाळीनंतरचा मुहूर्त धरलाय, खाली गाळे आणि वर राहायला दोन मजले असा बेत आहे. त्याचं चूक नाही. भिंती मातीच्या, माडीची तुळई वाकलेली, पावसाळ्यात आईची झोप उडायची. प्रश्न माडीवरच्या सामानाचा आहे. भाऊ म्हणतो, "तुला काय पाहिजे ते घेऊन जा आक्का, उरलेलं मोडीत घालतो."

वडील हातमागावर साड्या विणायचे. वडगाव, शहापूर, खासबाग या पट्ट्यात तेव्हा गल्लोगल्ली माग होते. यंत्रमाग आले आणि आमचा माग थांबला, पुढे वडील दुसऱ्यांच्या यंत्रमागावर कामाला जाऊ लागले. मागाचं लाकूड त्याच वेळी विकलं गेलं. मागे राहिलं ते एका लोखंडी ट्रंकेत आहे.

त्यात एक धोटा आहे, विणताना आडवा दोरा या कडेकडून त्या कडेला नेणारा. दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, मधल्या खोबणीत दोरा गुंडाळलेली कांडी, आणि बाजूला चिनी मातीचं बारीक भोक, त्यातून दोरा बाहेर यायचा. कांडी बदलताना वडील जिथे अंगठा दाबायचे तिथलं लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की बोट आपोआप तिथेच जाऊन बसतं. आईने चरख्यावर भरलेली शेवटची कांडी अजून आत आहे, डाळिंबी रंगाची. ती साडी पुरी झालीच नाही.

दुसरी वस्तू म्हणजे नमुन्यांची वही. लांबट हिशेबाची वही, पानापानावर काठाच्या बोटभर पट्ट्या खळीने चिकटवलेल्या. प्रत्येक पट्टीखाली वडिलांच्या बारीक अक्षरात रंग, काठाची रुंदी आणि गावाचं नाव: निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा. कुठल्या बाजारात कुठला काठ उठतो ते त्यांना पाठ होतं. गडहिंग्लज आणि आजरा आज पलीकडच्या राज्यात आहेत, वहीत मात्र सगळी गावं एकाच शाईत एकाखाली एक बसलीत. हे पान मी उघडलं की मला वडील बाजाराच्या दिवशी गठ्ठा बांधताना दिसतात.

सासरकडचीही एक वस्तू माझ्याकडे आहे, तिचा विचार याच्याबरोबरच चाललाय. माझ्या सासूबाई निपाणीत विड्या वळायच्या. पान कापायचा त्यांचा पत्र्याचा तुकडा मी ठेवलाय. भिजवलेल्या पानावर तो ठेवायचा आणि कडेने कात्री फिरवायची, असं दिवसभर. कात्री घासून घासून त्याचा एक कोपरा पार झिजलाय. पंचविसाचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार विड्या. माझ्या नवऱ्याची कॉलेजची फी त्या कोपऱ्यातून आली.

आता खालच्या शोकेसमध्ये काय आहे ते सांगते. मंडळांची सन्मानचिन्हं, प्लास्टिकच्या ढाली, घड्याळ बसवलेला संगमरवरी गणपती, शाली. भावाला हे सगळं नव्या घरात न्यायचंय, कारण त्यावर नाव कोरलंय आणि पाहुण्यांना दाखवता येतं. मला वाटतं, ज्या वस्तूवर नुसतं नाव आहे ती गेली तर चालेल. जिच्यावर हात फिरून झीज आली ती जाऊ नये. याला अपवाद फक्त आईच्या भांड्यांचा. त्यांच्यावर टोच्याने ठिपक्या-ठिपक्यांत नाव घातलंय, कुणी दिलं आणि कुठल्या साली दिलं ते. लग्नातल्या एका तांब्यावर तिचं माहेरचं नाव आहे, जे दुसरं कुठेच उरलेलं नाही.

खरी काळजी लेकीची आहे. ती बेंगळुरूला असते, इंग्रजी माध्यमात शिकली. मराठी छान बोलते, पण आजोबांचं अक्षर तिला लागत नाही. तिने वही चाळली आणि विचारलं, "आई, हे कापडाचे तुकडे का चिकटवलेत?" तिच्या हातात या वस्तू नुसत्या वस्तू म्हणून पडू नयेत, यासाठी तुम्ही काय केलंत? आणि कापड, लाकूड, कागद यांची निगा कशी राखायची तेही सांगा.

जांबोटीकर

ताई, आमच्या घरी पत्र्याच्या नळीत आजोबांचा सातवीचा, म्हणजे त्या काळच्या फायनलचा दाखला आहे. त्यावर मुंबई राज्याचा शिक्का आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला आपला जिल्हा तिकडून इकडे आला, त्याच्या थोडं आधीचा तो कागद. बाहेरचा माणूस बघतो तेव्हा त्याला शिक्का दिसतो, मग सीमाप्रश्नावर बोलणं सुरू होतं. तेही खरंच आहे, आमच्या घराने त्यासाठी सोसलंय. पण आजोबा तो कागद काढायचे ते वेगळ्यासाठी. परीक्षेला जाताना ओढ्याला पाणी आलं होतं आणि त्यांच्या थोरल्या भावाने त्यांना खांद्यावर घेऊन पलीकडे सोडलं. तो भाऊ स्वतः शाळेत गेला नाही, जनावरं राखली. दाखला हातात घेतला की आजोबा परीक्षेबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत, भावाबद्दल बोलायचे.

ही गोष्ट कागदावर कुठेच नाही. म्हणून मी पोराला बसवून एका पानावर लिहायला लावलं, त्याच्या शब्दांत आणि त्याला येईल त्या लिपीत. तो कन्नड शाळेत जातो, त्याने मराठी गोष्ट कन्नड अक्षरांत लिहिली. ते पान आता दाखल्याबरोबर नळीत आहे. तुमच्या लेकीला इंग्रजी अक्षरांत लिहू दे, बिघडत नाही. आपण सांगायचं आणि तिने लिहायचं. आपण लिहून दिलेलं पोरं वाचत नाहीत.

दूधगंगाकाठ

सदलग्याच्या बाजूचा मी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमचं मातीचं घर बसलं. माणसं आणि जनावरं आधी हलवली होती. अल्बम माळ्यावर होते, ते चार दिवस पाण्यात राहिले.

कुणावर वेळ आली तर लक्षात ठेवा: ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका, नंतर ते सुटत नाहीत. स्वच्छ गार पाण्यात बुडवून हलक्या हाताने वेगळे करायचे, तोंड वर करून सावलीत वाळवायचे, उन्हात नाही. आम्हाला हे एका नातेवाइकाने फोनवर सांगितलं म्हणून आई-वडिलांच्या लग्नाचे थोडे फोटो वाचले.

पण मला रुखरुख लागलीय ती फोटोंची नाही. चुलीमागच्या भिंतीवर आजीने कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या, दुधाचा हिशेब. शेर म्हणजे उभी रेघ, अर्धा म्हणजे आडवी. तिला लिहिता येत नव्हतं. ती भिंत आम्ही रोज बघायचो, पण तिचा फोटो काढावा असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण भिंत कुठे जाणार?

म्हणून तुम्हाला एक विचारतो. मागाचा खड्डा अजून आहे का घरात? खड्ड्यात पाय सोडून बसायचा माग असेल तर ती जागा जमिनीत असणारच, वर फरशी टाकली असली तरी. पाडकाम सुरू होण्याआधी तो उघडा, टेप लावून मापं घ्या, फोटो काढा, आईंना तिथे उभं करून बोलतं करा. ट्रंक तुम्ही उचलून नेऊ शकता, खड्डा नेता येत नाही.

जुनं कापड (शहापूर)

माझं काम जुन्या साड्या दुरुस्त करण्याचं आहे, त्यामुळे निगेचं सांगते.

प्लास्टिकच्या पिशवीत कापड ठेवू नका, ओल कोंडते. धुवून मऊ केलेल्या पांढऱ्या सुती कापडात किंवा मलमलीत गुंडाळा. साडी असेल तर दोन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीच्या रेषेवरच ती चिरते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. कडुनिंबाचा पाला चालेल, पण पुरता वाळलेला आणि वेगळ्या पुरचुंडीत. वहीतल्या पट्ट्या उपटू नका. खळीला झुरळं आणि कसर लागते, म्हणून वही कापडात बांधून कोरड्या जागी आडवी ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. ते परत सोडवता येत नाही. फोटोमागे नाव लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, बॉलपेन पुढून उमटतं.

धोट्याला पॉलिश, वॉर्निश काही लावू नका, तुम्ही सांगितलेली अंगठ्याची जागा त्यात बुजून जाईल. कोरड्या फडक्याने पुसा. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पीठ दिसलं तर कीड आहे, तेव्हा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. आतली कांडी काढू नका.

चिकोडीची काकू

माझं मत थोडं वेगळं आहे. ट्रंक या घरातून उचलून त्या घरात ठेवली तर ती पुन्हा माळ्यावरच जाणार. माझ्या आत्तीच्या पितळी भांड्यांना मी कल्हई लावून घेतली, आता आमटी त्यातच होते. सुना विचारतात हे कुणाचं, मग बोलणं निघतं. तांब्या वापरात ठेवा ताई. आणि भावाच्या शोकेसला हात लावू नका. त्या ढालींमागेही गणपतीतली रात्रभरची धावपळ असेल, तीही झीजच, फक्त ढालीवर दिसत नाही. त्याचं त्याला ठेवू दे.

वडगावची लेक (बेळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, भावाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटलं. शोकेसबद्दल मी त्याला काही बोलणार नाही. तांब्या माझ्या देवघरात येईल, रोजच्या पाण्याला. धोटा आणि पत्रा मात्र वापरात राहतील अशा वस्तू नाहीत, त्या कापडातच ठेवीन.

खड्डा आहे. पुढच्या खोलीत फरशीखाली. भावाने गवंड्याला सांगितलंय की आधी ती फरशी काढायची आणि दोन दिवस तिथे काही करायचं नाही. लेक त्यासाठी येतेय.

आणि एक घडलं. काल वही आईसमोर ठेवली. मला वाटलं होतं ती वडिलांच्या अक्षरावरून हात फिरवील. तिने चष्मा लावला आणि पट्ट्या ओळखायला लागली: हा रुईफुल, ही गोमी, ही परासपेटी, हा करवती. मग एका हिरव्या-जांभळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "हा रंग मी सांगितलेला. ते नको म्हणत होते. गडहिंग्लजला सगळ्यात जास्त हाच गेला." अशा पाच-सहा पट्ट्या निघाल्या. वहीत तिचं नाव कुठेही नाही आणि मी आजवर ती वही वडिलांचीच म्हणत आले होते. आता लेक एकेक पट्टी दाखवत आजीचं बोलणं मोबाईलवर भरून घेणार आहे, आणि जिथे रंग आईचा आहे तिथे कागदाची चिठ्ठी ठेवून तिचं नाव लिहिणार आहे.

एका पट्टीचं नाव आईलाही आठवत नाही. गडद लाल काठ, त्यात पिवळ्या धाग्याचा एकाआड एक उभा दाणा आणि आडवा चौकोन, दोन्ही कडांना बारीक पांढरी रेघ. खाली फक्त "आजरा" लिहिलंय. तुमच्या घरी कुणी जुने विणकर असतील, किंवा आजऱ्याकडच्या कुणाच्या आजीची अशा काठाची साडी असेल, तर या काठाला काय म्हणायचे ते विचारून कळवा.