जुनी विंडोज ठेवा, पण नेटपासून तोडून

"अँटीव्हायरस चालू आहे ना, मग विंडोज ७ ला काय धाड भरलीय?" असं बरेच जण विचारतात, पण हा मुद्दा मला पटत नाही. विंडोजमधली भोकं अँटीव्हायरस बुजवत नाही; ते काम मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचं, आणि सातची मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबली. क्रोमचीही १०९ ही सातवर चालणारी शेवटची आवृत्ती. बँकेचं काम तरी तिथे करू नका, हे कळकळीने सांगतो.

पण मशीन सरळ भंगारात काढा, हेही मला मान्य नाही. आमच्या छापखान्यातल्या जुन्या लग्नपत्रिका पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, फॉण्ट युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीचे. मजकूर नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून तो पीसी ठेवलाय, फक्त लॅनची (नेटच्या जोडणीची) केबल काढून. पीडीएफ तिथेच करायची, फॉण्ट एम्बेड करून (म्हणजे फायलीतच बसवून), आणि पेनड्राइव्ह नव्या मशीनला लावला की आधी स्कॅन. सगळ्या फायलींची एक प्रत मात्र आजच बाहेरच्या डिस्कवर घ्या. एवढी जुनी हार्डडिस्क कधीही बसू शकते.