रेसिडेंट ईव्हिल: रिमोट एकाच्या हातात, जीव सगळ्यांचा मुठीत. तुमचे अनुभव सांगा

सातरस्ता
काल कांजूरला बहिणीकडे गेले होते. भाचा 'रेसिडेंट ईव्हिल 2' या झोम्बींच्या व्हिडिओ गेमचा 2019चा रीमेक खेळत बसला होता, कानाला हेडफोन, दार लावलेलं. आत डोकावले तर स्क्रीनवर रकून सिटी पोलीस स्टेशनचा तो मोठा हॉल. पोटात गोळाच आला. रात्रभर जुनं जुनं आठवत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे मूळ गेम आला तेव्हा आम्ही चाळीत होतो. चिप मारलेलं प्लेस्टेशन दादाच्या मित्राचं, टीव्ही आमचा. संध्याकाळी अर्धा मजला आमच्या खोलीत. कॉटवर चौघं, खाली बाकीचे, दारात उभे ते वेगळेच. रिमोट दादाच्या हातात, पण काम सगळ्यांना वाटून दिलेलं. एकाने गोळ्या मोजायच्या. एकाने जखम भरणारं हिरवं झाड, लाल झाड कुठे पडलंय ते लक्षात ठेवायचं. माझ्याकडे चाव्या. त्या पोलीस स्टेशनात पत्त्यांच्या चार रंगांच्या चाव्या असतात ना, तर मी वहीत लिहून ठेवायचे, इस्पिकचं दार जिन्याजवळ, बदामचं अजून सापडलं नाही, किलवरचं शेवटी. दादा विचारायचा, "चौकटचं कुठलं गं?" आणि मी वही बघून ओरडायचे.

ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे, दोन सीड्या असतात. गेममध्ये दोन मुख्य पात्रं, एक सीडी लिऑनची, एक क्लेअरची. लिऑनची संपवून सेव्ह केलं की क्लेअरचा 'बी' म्हणजे दुसरा डाव उघडतो, आणि आधीच्याने केलेलं पुढच्याला भोवतं. शस्त्रांच्या खोलीत लॉकर आहे. त्यात सबमशीन गन आणि जास्तीचं सामान ठेवायला कमरेचा पट्टा. पहिल्या डावात उचललं तर दुसऱ्याला मिळत नाही. दादा लॉकरपाशी पोचला तेव्हा मागून सगळे ओरडत होते, "दोन्ही घे, दोन्ही घे." त्याने फक्त गन घेतली. माझ्याकडे बघून म्हणाला, "पट्टा राहू दे, क्लेअरचा डाव ही खेळणार आहे." नंतर अख्खा डाव तो सामानाच्या आठच जागांत रडतखडत खेळला.

दादा आता पुण्यात असतो. हे मी त्याला कधी बोलले नाही, पण भावाने माझ्यासाठी काय केलं असं कोणी विचारलं तर मला आधी तो पट्टा आठवतो.

तुम्ही कुठे खेळलात, कोणाबरोबर खेळलात? पहिला भाग, पाचवा, सातवा, फाटे फुटलेले ते सगळे गेम, काहीही चालेल.

मीठभाकर
कुत्रे.
पहिला भाग, हवेलीतला तो लांब कॉरिडॉर, खिडकीच्या काचा फोडून आत. बस, एवढंच लिहिते. कुकर लावलाय.

जलद_कल्याण
@मीठभाकर 😂😂 आमच्याकडे त्या खिडकीला एकाने रिमोट फेकला होता, खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

@सातरस्ता पट्ट्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं ताई. दादाला आज फोन करा.

कुर्ला_पश्चिम
आमच्या घरी प्लेस्टेशन नव्हतं, स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरात जायचो. तासावर पैसे. आता हे ऐका. या गेममध्ये प्रत्येक दाराला काळा पडदा, आणि दार हळूहळू उघडतं, कर्रर्र. सगळे म्हणतात काय वातावरण, काय भीती. सीडीवरून पुढची खोली लोड व्हायला वेळ लागायचा म्हणून ते दार दाखवायचे, ही गेम बनवणाऱ्या कॅपकॉमवाल्यांची हुशारी. पण तासावर पैसे देणाऱ्या पोराला विचारा ते दार किती वेळ उघडतं! प्रत्येक दाराला आम्ही घड्याळ बघायचो.

त्यात सेव्ह करायला टाइपरायटर, आणि टाइपरायटरला शाईची रिबन, ती पण मोजकीच. रिबन आहे तर टाइपरायटर लांब, टाइपरायटर समोर तर रिबन पेटीत. मेमरी कार्ड पार्लरवाल्याचं, 15 ब्लॉक, आणि त्यावर अख्ख्या कुर्ल्याचा हक्क. आज हवेलीच्या तळघरापर्यंत पोचून सेव्ह करा, उद्या येऊन बघा तर तिथे कोणाची तरी क्रिकेटची टीम.

तरी जायचो. एकजण खेळायचा, बाकी आम्ही पैसे वर्गणी काढून मागे उभे. तेव्हाचे दोघं आजही रोज सकाळी गाडीला भेटतात.

निशिगंध
तिसरा भाग, त्यातला नायिका जिलच्या मागे लागणारा राक्षस नेमेसिस. आजी माळ ओढत बसायची, पण नजर टीव्हीकडे. तो "स्टार्स" (जिलच्या पोलीस पथकाचं नाव) म्हणत यायचा की आजी म्हणायची, "आला गं बाई मेला परत." दार ओलांडलं तरी मागे यायचा हे तिला अजिबात पटायचं नाही. "दाराला कडी नाही का त्यांच्याकडे?" त्याला पाडला की बंदुकीचे भाग मिळतात, पण पाडायला गोळ्या किती जातात! आजीचं मत पक्कं होतं, पळायचं. "जिल, पळ तू." जिलचं नाव तिला शेवटपर्यंत पाठ होतं, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींची नाही झाली.

मीठभाकर
@निशिगंध आजी ❤️❤️❤️

बावन्नखणी_नाही
मी कॉम्प्युटरवाला. चौथा भाग कॉम्प्युटरवर 2007ला आला, तेव्हा माउसने नेम धरायची सोयच नव्हती, सगळं कीबोर्डवर. सायबर कॅफेत शेजारचा काउंटर स्ट्राइक माउसने खेळतोय आणि मी चार बटणांनी लिऑनची बंदूक वर-खाली करतोय. गाव, करवतवाला, छपरावर शिडी लावून चढणारी माणसं. आणि मग चर्चची घंटा वाजते आणि सगळे हत्यारं टाकून शांतपणे निघून जातात. त्या घंटेइतकं सुख मला बोर्डाच्या निकालाने पण दिलं नाही. चौथा सगळ्यात भारी. यावर चर्चा नको.

कुर्ला_पश्चिम
चर्चा होणारच. चौथ्यात झोम्बीच नाहीत! ते गॅनाडो, अंगात परजीवी शिरलेली जिवंत माणसं. बोलतात, कुऱ्हाड फेकतात. गेम उत्तम आहे, मान्य, पण तो हळूहळू मान वळवून बघणारा पहिला झोम्बी, त्याची गोष्टच वेगळी.

बावन्नखणी_नाही
कुऱ्हाड फेकतात म्हणूनच भीती वाटते ना भाऊ. झोम्बीपासून चालत पण लांब जाता येतं.

अंधेरीची_मावशी
मॉलमध्ये बंदूक घेऊन उभं राहून खेळायचा तो ना? माझी मुलं फार खेळायची, स्क्रीनच्या बाहेर गोळी झाडली की बंदूक भरायची. तासन्‌तास.

जलद_कल्याण
मावशी, तो बहुतेक सेगाचा 'हाऊस ऑफ द डेड', वेगळा. पण यांचे पण बंदुकीचे आहेत, 'सर्व्हायव्हर' आणि निन्टेन्डोच्या 'वी' कन्सोलवरचा 2007चा 'अम्ब्रेला क्रॉनिकल्स'. मुलांना विचारून लिहा ना इथे.

अंधेरीची_मावशी
विचारते. एक कॅनडात आहे, तिथे आता रात्र असेल.

वॉर्डातली
'आउटब्रेक' कोणी खेळलंय का? पीएसटू, म्हणजे प्लेस्टेशन 2वरचा, याच मालिकेतला. मला तो सगळ्यांत जवळचा. त्यात पोलिसातला केव्हिन आहे, पण बाकी सगळी साधी माणसं. वेट्रेस, प्लंबर, डॉक्टर, सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत नोकरी करणारा जिम, सिक्युरिटी गार्ड. बारमध्ये बसलेले असतात आणि शहर कोसळतं. प्रत्येकाच्या अंगात विषाणू आधीच शिरलेला, टक्का चढत जातो, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी. सामान बघायला मेनू उघडला तरी गेम थांबत नाही.

तो खरं तर ऑनलाइन खेळायचा, आमच्याकडे ते शक्य नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरचे साथीदार घेऊनच. अधिकृत सर्व्हर बंद झाल्यावर चाहत्यांनी स्वतःचे उभे केले, आता तिथे लोक खेळतात.

मी नर्स आहे. 2020च्या उन्हाळ्यात ड्युटीवरून येऊन आंघोळ करून वेगळ्या खोलीत झोपायचे, तेव्हा झोप लागेना की तो टक्क्याचा आकडा डोळ्यांपुढे यायचा. आमच्यातही वॉर्डबॉय, लिफ्टमन, कँटीनवाला, सगळी अशीच माणसं होती. या गेमने मला त्या माणसांकडे बघायला लावलं होतं, खूप आधी.

सातरस्ता
@वॉर्डातली तुम्हाला नमस्कार. खरंच.

दादर_पूर्व
@वॉर्डातली 🙏 तिसऱ्याचा रीमेक 3 एप्रिल 2020ला आला, लॉकडाऊनमध्ये. मी डाउनलोड करून त्याच रात्री सुरू केला. जिल ओस शहरातून लोकांना सबवेने बाहेर काढायला धडपडतेय, आणि माझ्या खिडकीखाली टिळक ब्रिजवर एक गाडी नाही. लोकल बंद. दादरला इंजिनाचा आवाज नाही हे जन्मात पहिल्यांदा. अर्ध्यात बंद केला आणि दिवाळीनंतर संपवला.

बोटीवरचा
मर्चंट नेव्हीत आहे, उशिरा लिहितोय, नेट आत्ता मिळालं. माझा याच मालिकेतला 'रेव्हलेशन्स', आधी 2012ला थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलवर आला तो. अख्खा गेम जवळजवळ 'क्वीन झेनोबिया' जहाजावर. मी तो बोटीच्या केबिनमध्ये खेळायचो. गेममध्ये लोखंडी जिन्यावर पावलं वाजतात आणि इथे बाहेर खरंच कोणीतरी वॉचला चाललेलं असतं! एकदा आमचा रत्नागिरीचा ऑइलर, इंजिनरूममधला कामगार, चहा घेऊन आला, दार वाजवलं, मी किंचाळलो. त्यानंतर तो रोज ड्युटी संपली की शेजारी येऊन बसायचा, पुढे काय झालं ते बघायला. साइन ऑफ होताना, म्हणजे बोट सोडताना, मी थ्रीडीएस त्यालाच दिला.

निशिगंध
सातव्याबद्दल कोणीच नाही? बेकर कुटुंबाचं ते जेवणाचं टेबल! आई नेमकी पान वाढायला आली होती, बघून तशीच मागे फिरली.

मीठभाकर
आले कुकर उतरवून. निशिगंध, ते जेवण आठवू नको, वरणभात पानात आहे.

एक विचारायचं होतं. माळ्यावर पीएसटू सापडलाय, सीडी फिरते पण वाचत नाही. कोणी दुरुस्त करून देईल का आता?

कुर्ला_पश्चिम
लेन्स असेल. आधी साफ करून बघायला सांग, लगेच बदलायला हो म्हणू नको. लॅमिंग्टन रोडला जा, गल्लीत आतल्या दुकानांत विचार, बाहेरचे नाही म्हणतात. रविवारी नको, बरीचशी बंद असतात.

मीठभाकर
शनिवारी जाते मग. 'आउटब्रेक'ची सीडी मिळते का तेही बघते. @वॉर्डातली कुठल्या माणसाने सुरुवात करू?

वॉर्डातली
डेव्हिड, प्लंबर. हत्यार तुटलं तरी टेप लावून नवं बनवतो. शनिवारी मला सुट्टी आहे, मीही येऊ का?