मदत हवी आहे: जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर बर्फात गाडी चालवताना रस्त्याकडेचे बाण कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी, आम्ही टोकियोत राहतो. फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन होक्काइदोतल्या असाहिकावाहून वाक्कानाईला राष्ट्रीय मार्ग 40 ने जायचा बेत आहे, साधारण 250 किलोमीटर. टायर बर्फासाठीचेच असतील, तो प्रश्न नाही.

तिकडे रस्त्याकडेच्या उंच खांबांवरून लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे बाण खाली टोक करून लटकलेले असतात. रस्त्यावर रंगवलेले पट्टे बर्फाखाली गाडले गेले की रस्त्याची कड हेच दाखवतात. काही तर वादळात दिव्यांनी उजळतात. सिग्नलसुद्धा उभे, वर बर्फ कमी साचावा म्हणून. किती विचारपूर्वक केलंय हे!

पण बाणाचं टोक नेमकं कुठे येतं? लेनच्या कडेला की तिच्याबाहेरच्या मोकळ्या पट्टीच्या टोकाला? साफसफाईनंतर कडेला बर्फाची भिंत उभी राहिली, की बाण तिच्यावरच येत असणार. मग अंतर किती सोडायचं?

आणि समोरचं काहीच दिसेनासं झालं तर? बाणांच्या आधाराने हळूहळू पुढच्या विश्रांतीस्थळापर्यंत जावं, की धोक्याचे दिवे लावून थांबावं? मागून येणाऱ्या ट्रकची मला खरी धास्ती वाटते. तिथे हिवाळ्यात गाडी चालवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. हा रस्ता आई-बाबांसोबत टाळावा असं वाटत असेल, तर तेही स्पष्ट लिहा, रेल्वेने जाऊ.