पायाने दाबायच्या सक्शनच्या गेजची सुई टिकत नाही, गळती कुठून शोधायची?

होटगीरोड_नर्सिंग:
वीज गेली तर हाताशी असावं म्हणून आमच्या छोट्या नर्सिंग होममध्ये पायाने दाबायचं सक्शन (पेशंटचा कफ, उलटी ओढून काढायचं यंत्र) ठेवलंय. भात्याचा पंप, १ लिटरचा पॉलिकार्बोनेटचा जार, झाकणात फ्लोट (जार भरला की ओढ बंद करणारा) आणि व्हॅक्यूम दाखवणारं ० ते ७६० मिमी पाऱ्याचं गेज, सिलिकॉनची नळी. नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून कितीही दाबलं तरी सुई ३०० च्या पुढे सरकत नाही, आणि पाय थांबवला की तीन-चार सेकंदांत शून्यावर येते. पेशंटकडची नळी नवीन टाकली, झाकण आवळलं, तरी तेच. पंपच बदलायचा का?
दुसरं, याला व्हॅक्यूम कमी-जास्त करायचा नॉब नाही. ट्रॅकिओस्टॉमीच्या (गळ्याला छेद देऊन श्वासाची ट्यूब बसवलेल्या) पेशंटला वापरलं तर चालेल का?

बायोमेड_अक्कलकोटरोड:
पंप लगेच टाकू नका. आधी एक चाचणी करा, दोन मिनिटांचं काम आहे.

पेशंटकडची नळी बंद ठेवून सुई जेवढी चढेल तेवढी चढवा. मग पंप आणि जार यांच्यामधली नळी आर्टरी फोर्सेप्सने (रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्याने) चिमटा. फोर्सेप्सच्या दातांनी सिलिकॉन कापतं, म्हणून मध्ये गॉजची घडी घ्या. आता सुईकडे बघा. सुई थांबली तर गळती पंपात आहे. तशीच उतरत राहिली तर जार, झाकण किंवा पेशंटकडची बाजू गळतेय.

जारच्या बाजूला असेल तर साबणाचे बुडबुडे बघत बसू नका. इथे हवा आत जाते, बाहेर येत नाही, त्यामुळे बुडबुडे दिसणारच नाहीत. ड्रॉपरने एकेका सांध्यावर पाण्याचे थेंब सोडा. ज्या सांध्यावर थेंब पडताच सुई क्षणभर थबकते आणि थेंब आत खेचला जातो, तिथेच गळती. बहुतेक वेळा ती झाकणाच्या रबरी रिंगखाली सापडते. आपल्याकडच्या जड पाण्याने धुऊन जार तसाच वाळवला की काठावर पांढरा खरखरीत थर बसतो. मग झाकण कितीही आवळा, रिंग नीट टेकतच नाही. लिंबाच्या रसात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं काठावर ठेवा, पुसा, भरपूर पाण्याने धुवा. मात्र हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या जंतुनाशक द्रावणाने) धुतलेल्या जारला लगेच लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर लावू नका, क्लोरीन वायू सुटतो.

पंपाच्या बाजूला असेल तर जारची नळी काढा, पंपाच्या ओढणाऱ्या तोंडावर बोट ठेवा आणि पेडल हळू दाबा. दाबताना बोटावर हवेचा फुंकर लागला तर आत घेणारा व्हॉल्व्ह बसत नाही. फुंकर लागत नाही पण पेडल वर येताना ओढही दमदार नाही, तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह किंवा भाता बघा. भाता उघडून, ताणून उजेडात धरा. चीर नेहमी घडीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली पडून राहिलेलं रबर लवकर चिरतं.

व्हॉल्व्हची चकती काढून पालथ्या तळव्यावर ठेवा. काठ वर वळलेला दिसला किंवा मध्ये वाळलेल्या कफाचा कण चिकटलेला असला तर कारण तेच. कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा. काठ वळलेला असेल तर चकती बदलाच. चकतीला व्हॅसलीन लावू नका, त्याने नैसर्गिक रबर फुगतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही नावापुरतं.

आणखी एक, भात्याच्या पंपात ओढ पायाने येत नाही, स्प्रिंगने येते. पाय फक्त आतली हवा बाहेर ढकलतो. म्हणून जोरात आणि भराभर दाबून काही हाती लागत नाही. पेडल पूर्ण वर येऊ द्या, मगच पुढचा स्ट्रोक. अर्ध्यातच परत दाबलं की प्रत्येक स्ट्रोकमधली निम्मी ओढ वाया.

सुई ७६० ला पोचण्याची वाट बघू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, इथे हवेचाच दाब ७२० च्या आसपास असतो.

आयसीयू_सिस्टर:
ट्रॅकिओस्टॉमीबद्दल सांगते. वापरता येतं, पण दोन माणसं लागतात. एकाने पेडल आणि सुई सांभाळायची, दुसऱ्याने कॅथेटर (ट्यूबमधून आत घालायची बारीक नळी).

मोठ्या माणसाला १०० ते १५० मिमी, लहान मुलाला ८० ते १००. नॉब नसेल तर स्ट्रोक मोजूनच चालवावं लागतं. पंप एका स्ट्रोकला २०० मिली हवा ओढत असेल आणि १ लिटरचा जार रिकामा असेल, तर पहिल्या स्ट्रोकला सुई साधारण १२० वर येते आणि पाचव्याला ४३० च्या घरात. म्हणजे सवयीने पाच-सहा वेळा दाबून मग कॅथेटर घातला तर श्वासनलिकेचं अस्तर सोलून रक्त येणारच. जार अर्धा भरला की आतली हवा कमी होते आणि तेवढ्याच स्ट्रोकला सुई आणखी वर जाते. त्यामुळे मोजणी गृहीत धरू नका, नजर गेजवर हवी.

कॅथेटरचा नंबर असा काढा: ट्यूबचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये, दुप्पट करा, त्यातून २ वजा करा. ७ ची ट्यूब असेल तर १२ फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचं माप), पांढऱ्या कनेक्टरचा. ८ ला १४, हिरवा. त्याहून जाड घातला तर ट्यूबमधून आत यायला हवेला वाट उरत नाही आणि कफासोबत फुप्फुसातली हवाही ओढली जाते. कनेक्टरला अंगठ्याचं भोक असलेलाच घ्या. आत जाताना भोक उघडं, बाहेर काढताना बंद. एकदा आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १० सेकंद, त्याहून जास्त नाही. आधी आणि नंतर ऑक्सिजन द्या. नाडी मंदावली तर तिथेच थांबा.

नवजात बाळाला हे पेडलवालं मशीन लावूच नका. बाळ रडतंय, श्वास घेतंय तर सक्शनची गरजच नसते. लागलंच तर म्यूकस सकर (कफ ओढायचं छोटं साधन), आधी तोंड, मग नाक.

रुग्णवाहिका_पंढरपूररोड:
उलटी आणि रक्तासाठी मात्र गेजवर विसंबू नका. अंगठ्याने तोंड बंद करून सुई ५०० दाखवते, पण तेव्हा नळीतून काहीच वाहत नसतं. घट्ट उलटी उचलायची तर नळीचा व्यास महत्त्वाचा. हिशेबाने ६ मिमीच्या जागी १० मिमीची नळी लावली तर वाट साडेसात पटींहून जास्त मोकळी होते. कॅथेटर काढून टाका, जाड यांकॉर (तोंडात धरायचं कडक टोक) लावा, तोही डोळ्यांना दिसतं तिथपर्यंतच. भाताचे किंवा डाळिंबाचे दाणे अडकले तर यांकॉरही काढून नळीच थेट गालाच्या आत धरा. पेशंट कुशीवर असला की निम्मं काम आपोआप होतं.

चाचणी घ्यायची तर पाण्याने नको. ज्वारीच्या पिठाची आंबील करा, २०० मिली, चमच्यावरून जड पडेल अशी. १० सेकंदांत जारमध्ये आली तर मशीन रस्त्यावर न्यायच्या लायकीचं आहे. झाल्यावर लगेच धुवा, वाळलेलं पीठ फ्लोटला चिकटतं. फ्लोट वर अडकला आणि गेज पंपाच्या बाजूला असेल तर सुई वर दिसते आणि नळी मात्र काहीच ओढत नाही, हेही लक्षात असू द्या.

होटगीरोड_नर्सिंग:
फोर्सेप्स लावल्यावर सुई थांबली, म्हणजे पंपच. पेडल दाबताना बोटावर फुंकर लागला. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची चकती एका बाजूने वर वळलीय, नखाएवढा भाग टेकतच नाही. सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली तर? आणि जार कशाने धुवायचा?

बायोमेड_अक्कलकोटरोड:
ट्यूबचं रबर नको. ट्यूब गोल असते, तिची चकती वाळली की त्याच गोलाईत परत वळते. मॉडेल नंबर घेऊन सिव्हिलच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत विचारा, व्हॉल्व्ह आणि रिंगचा किट मागवून मिळतो. दोन मागवा. बसवताना जुन्या चकतीचा फोटो काढून ठेवा. उलटी बसली तर पंप ओढायच्या ऐवजी फुंकतो, आणि ते पेशंटच्या तोंडात नळी असताना कळता कामा नये.

जार दोन-तृतीयांश भरला की रिकामा करायचा. सुरुवातीलाच तळाशी ५०-१०० मिली पाणी घाला, कफ चिकटत नाही. ओतण्याआधी त्यात हायपोक्लोराइट घाला, एकूण द्रावण १ टक्का व्हायला हवं, आणि ३० मिनिटं ठेवा. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एकूण द्रवाच्या पाचवा हिस्सा, म्हणजे ४०० मिली द्रवात १०० मिली. कॅन सावलीत ठेवा, आपल्या उन्हात त्याची ताकद लवकर उतरते. वापरलेले कॅथेटर आणि नळ्या लाल पिशवीत. थिनर, ॲसिटोन जारला लावू नका, पॉलिकार्बोनेट तडकतं. गेज आणि स्प्रिंगपर्यंत हायपो जाऊ देऊ नका, गंज धरतो.

नवी चकती बसली की नळी बंद करून सुई ४०० वर न्या आणि १० सेकंद मोजा. किती उतरली ते मशीनवर पट्टी चिकटवून तारखेसह लिहा. दर ड्युटीला तीच चाचणी, आणि आकडा वाढत चालला की किट बदला.