मुलांचे कपडे आणि मुलांची खोली: कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

दसरा झाला की लेकीच्या खोलीला रंग काढायचाय, त्याआधी तिचं कपाट उपसायचंय, म्हणून हा धागा. लेक साडेतीन वर्षांची. मोबाईलवर मुलांच्या खोल्यांचे फोटो बघून डोळे दुखायला लागले, पण त्यातल्या एकाही फोटोत जुलैमधलं कोल्हापूर नाही. पांढरीशुभ्र भिंत, पांढरा गालिचा, छताला टांगलेली पिसं. आमच्याकडं पावसाळ्यात उशीचा अभ्रा वाळता वाळत नाही, तिथं तो गालिचा कोण वाळवणार?

कपड्यांचंही तसंच. महाद्वार रोडवर एक फेरी मारली की पिशव्या भरून येतात आणि त्यातलं निम्मं लेक अंगाला लावून घेत नाही.

तर लिहा. काय विकत घेतलं, काय शिवून घेतलं, मुलानं काय अंगावर ठेवलं आणि काय फेकून दिलं. खोलीत काय टिकलं, काय पावसानं नेलं. दुकानांची नावं आणि जाहिराती नकोत. पेठ, गल्ली, बाजार जरूर सांगा. भांडलात तरी चालेल.

राजारामपुरी, मुलगी चार वर्षांची

नेटच्या फ्रॉकवर मी पानभर लिहीन. वाढदिवसाला केक कापेपर्यंत लेकीनं कंबर खाजवून लाल केली होती. बाहेरून थरावर थर नेट, आत अस्तर होतं पण तेही पॉलिएस्टरचं, आणि कंबरेची शिवण उघडी. आता दुकानात गेले की फ्रॉक आधी उलटा करते आणि शिवणीवरून मनगटाची आतली बाजू फिरवते. मला टोचलं तर तिला टोचणारच. अस्तर सुती आणि शिवण झाकून खालपर्यंत आलेलं असेल तरच भावाचं बोलायचं. दुकानदार म्हणतात, "वहिनी, आत शमीज घाला की." घालते, पण मे महिन्यातल्या लग्नात शमीज, अस्तर आणि नेट एवढं अंगावर घेऊन स्वतः बसून दाखवा म्हणावं.

डंग्रीबद्दलही बोलायलाच हवं. फोटोत त्याहून गोड काही दिसत नाही. पण शू सांगायला नुकतंच शिकलेल्या मुलाला ती दोन बक्कलं वेळेत सुटत नाहीत. त्या वयात कंबरेला मऊ इलॅस्टिक, बास. मुलं स्वतःची स्वतः ओढतात.

रोजचे कपडे आम्ही कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून आणतो. घाऊक बाजार आहे, पुष्कळ दुकानांत सुटा नग देत नाहीत, २०, २२, २४ असा साईझचा सेटच घ्यावा लागतो. आम्ही तिघी जावा मिळून जातो आणि घरी येऊन सेट फोडतो. पोरं नशिबानं एकापाठोपाठ एक वयाची आहेत. रंगावरून मात्र तिघी सारख्याच भांडतात.

शिवाजी पेठ, मुलगा पाच वर्षांचा

वहिनी, आमच्या घरात फॅशन फुटबॉल ठरवतंय. कपाटात जोधपुरी हाय, कुर्ता हाय, मामाच्या लग्नात बांधलेला छोटा फेटा हाय. साहेब घालतात काय, तर जर्सी. जेवताना जर्सी, झोपताना जर्सी, जोतिबाला जाताना पण जर्सी. तालीम म्हणजे आमचा फुटबॉलचा संघ, कुठली ते सांगत नाही, उगं धाग्यावर राडा नको. शाहू स्टेडियमवर सीझन सुरू झाला की धुवायला पण काढून देत नाही, झोपल्यावर काढून घ्यावी लागती.

जर्सीचं कापड पॉलिएस्टर. उन्हाळ्यात पाठीवर घामोळं उठलं. डॉक्टरांनी सांगितलं, आत सैल सुती बनियन घाला. घातलं, थांबलं.

खोलीचं म्हणाल तर बायकोला भिंतीवर ढग पायजे होते, पोराला गोलपोस्ट. आमच्या गल्लीत बोर्ड रंगवणारा पेंटर हाय, त्याला बोलावलं. फ्लेक्स आल्यापासनं त्याच्या हाताला काम कमी. गड्यानं खाली तीन फूट फळ्याचा काळा रंग दिला, वर निळं आभाळ आन् ढग काढले, मधी गोलपोस्ट. पोरगं खाली खडूनं रोज स्कोअर लिहितंय, आमची तालीम हरल्याली अजून बघितली नाही मी त्या भिंतीवर. खडूची धूळ तेवढी ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं झाडलं की घरभर शिंका. बाबूराव पेंटरांचं गाव हाय हे, कलापूर म्हणवून घेतो आपण. स्टिकर कशाला चिकटवायचं वो?

शाहूपुरी, मुलं सहा आणि दोन वर्षांची

आमचा अनुभव जरा वेगळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळमजल्यात पाणी आलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा आलं. मुलांची खोली तळमजल्यावरच आहे, वर भाडेकरू आहेत. त्यामुळे आमच्याकडे सजावटीचा नियम ठरून गेला: पाणी आलं तर वस्तू एक तर उचलता यावी, नाहीतर भिजून वाळावी.

पहिल्या पुरात एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं, कपाट पाण्यात बुडवलेल्या पावासारखं फुगलं. ते वाळलं तरी ड्रॉवर आत जात नाहीत, तसंच्या तसं भंगारात गेलं. आईच्या माहेरची लोखंडी कॉट मात्र घासली, रंगवली आणि आज पिवळीधमक उभी आहे. गादी एकसंध नाही, दोन तुकड्यांत भरून घेतली, एकटा माणूस जिन्यावरून वर नेऊ शकतो. नवं कपाट बीडब्ल्यूपी प्लायचं केलं, खाली स्टीलचे पाय. बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या डिंकाचं. कडा मात्र चारी बाजूंनी बंद करून घ्या, पाणी कडेनंच शिरतं.

पूर येत नाही त्या घरांतही ओल आहेच, म्हणून वॉलपेपरबद्दल सांगते. बाहेरच्या भिंतीला वॉलपेपर लावूच नका. व्हिनाईलचा थर भिंतीतली ओल बाहेर जाऊ देत नाही आणि मागच्या खळीवर बुरशी पोसते. वरून हत्ती-जिराफ छान दिसतात, कोपरा उचलला की मागं काळं. मोठ्याला रात्रीचा खोकला होता तो कागद काढल्यावर कमी झाला. बुरशीमुळेच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण कागद परत लावलेला नाही. कपाटही बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, वारा फिरला पाहिजे.

कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकायची आपल्याकडं सवय आहे. बाळाच्या कपड्यांत अजिबात नको. त्यातल्या नॅप्थलीनमुळं काही बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्यांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आम्ही कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून कापडात बांधून ठेवतो. आणि पावसानं उघडीप दिली की सगळं कपाट गच्चीवर.

मंगळवार पेठ, शिलाईकाम करते

मुलांचंच शिवते मी, म्हणून ग्राहकांकडची उठाठेव सांगते. आया येतात मोबाईलवर फोटो घेऊन. आता खणाचं परकर-पोलकं आणि पैठणीचा फ्रॉक या दोन्हीला फार मागणी. खण गुळेदगुड्डचा चांगला. अंगाला बरा लागतो, रंग पण उठून दिसतो. पैठणीच्या काठाचं तसं नाही. जरतार गळ्याशी किंवा मुंढ्याशी आली की मूल रडणारच. मी गळ्याला आतून मलमलची पट्टी लावते आणि काठ घेरालाच ठेवते. आजीची जुनी साडी आणलीत तर सोनंच, धुऊन धुऊन मऊ झालेली असते. पण जिथं जिरली आहे तिथं कात्री लागली की फाटत जाते. आधी उजेडात धरून बघा.

मूल वाढतं, म्हणून शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, भरपूर सोडायला सांगा. परकराला खाली आतून दोन टक घालून घ्या. उंची वाढली की एक उसवायचा. लोक म्हणतात रेडीमेड स्वस्त. पण माझ्याकडचं परकर पोलकं धाकटीला पण येतं आणि तिच्या चुलत बहिणीला पण.

गळ्याशी, टोपीला दोऱ्या आणि गोंडे मी लहान मुलांच्या कपड्याला लावत नाही. घसरगुंडीवर, पाळण्यात अडकून गळ्याला फास बसतो. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला गळ्याशी दोरी चालतच नाही, तसं मानक आहे. इथं आया रुसतात, गोंड्याशिवाय कुंची कशी दिसणार म्हणून. गोंडा पाठीमागं टाचून देते मग. मणी-टिकल्यांचं काम पण तीन वर्षांच्या खालच्याला नको. तोडून तोंडात घालतात.

संक्रांतीत बोरन्हाणाचे काळे झबले शिवून घ्यायला सगळ्या आदल्या दिवशी येतात. येऊ नका.

कसबा बावडा, आजोबा

सगळं वाचलं. आमच्या नातवाला खोली दिलीय, निळी, छताला चांदण्या. रात्री दिवा घालवला की चांदण्या उजळतात. नातू त्या बघतो, "भारी हाय" म्हणतो आणि आजीजवळ येऊन झोपतो. खोलीत आता इस्त्रीचे कपडे आणि सुनेची व्यायामाची सायकल आहे.

पोराला पाहिजे ते म्हणजे त्याचा हात पोचेल अशी फळी. जुन्या पाटाची मी त्याला गुडघ्याएवढ्या उंचीची फळी करून दिली, वर खुंट्या तीन. टोपी, दप्तर, जर्किन स्वतः अडकवतो. सूनबाईंना ती फळी बाकीच्या फर्निचरला मॅच होत नाही असं वाटतं. असू दे. वाकळ मात्र आजीनंच शिवलीय, ती कुणाच्या फोटोत नीट बसत नाही आणि कुणी बदलायचं नाव पण काढत नाही.

कळंबा, भाड्याचा फ्लॅट

मालक खिळा मारू देत नाहीत. इचलकरंजीहून मांजरपाटाचा तागा आणला, लेकीच्या हाताचे रंगीत ठसे उमटवले आणि पडद्याच्या दांडीला सोडला. तोच पडदा, तीच सजावट. घर बदललं की घडी घालायची.

टेंबलाई नाका, रंगकाम आणि फर्निचरचे कंत्राटी काम

धागा काढणाऱ्या ताईंसाठी लिहितो, दसऱ्यानंतर रंग काढणार म्हणालात ते बरोबर. पावसाळ्यात भिंत आतून ओली असते, लांबी (पुट्टी) भरून प्रायमर मारला तरी पोपडे येतात. ऑक्टोबरची ऊन्हं खाऊ द्या भिंतीला.

घर जुनं असेल तर आधी सांगा. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा जुना ऑइल पेंट दारं-खिडक्यांवर असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरायची. तो कोरडा पॉलिश पेपर मारून घासू देऊ नका, धूळ मुलांच्या पोटात जाते. पाणी मारून ओला घासायचा, त्या वेळी मुलं मामाच्या गावाला. नवा रंग पाण्याचा, धुता येणारा इमल्शन घ्या. वास कमी असला तरी खिडक्या उघड्या ठेवून खोली काही दिवस मोकळी सोडा.

गिऱ्हाईक माझ्याशी रंगाच्या छटेवर तासभर बोलतं आणि कपाट भिंतीला आवळायचं म्हटलं की "भिंतीला भोक कशाला" म्हणतं. मुलं ड्रॉवर उघडून त्यावर जिन्यासारखी चढतात, कपाट अंगावर येतं. दोन एल-पट्ट्या आणि चार स्क्रू लागतात. खिडकीच्या ग्रिलला आडव्या पट्ट्या असतील तर कॉट त्या खिडकीखाली ठेवू नका. धाकटं बाळ असेल तर पाळण्याच्या गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरच्या आतलं घ्या, आणि भोवतीच्या त्या फुगीर गाद्या लावू नका, बाळाचं नाक त्यात दबून जीव गुदमरतो. अमेरिकेत २०२२ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी आली. लाईटच्या माळांत बटणाएवढे सेल असतात, त्याचं झाकण स्क्रूचं आहे का बघा. गिळला तर अन्ननलिका भाजते, वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

धागा काढणारी, ताराबाई पार्क

आज कपाट उपसलं. नेटचे तीन फ्रॉक बहिणीच्या ड्रामा क्लासला दिले, तिथं परी लागतेच कुणीतरी. वॉलपेपरचा विचार सोडला. फळ्याचा रंग खालच्या बाजूला घ्यायचा नक्की झालं, पण लेकीला आभाळ नको, म्हैस पाहिजे. पंचगंगेच्या घाटावर धुताना बघते ती. शिवाजी पेठेतल्या दादांनी पेंटरदादांना विचारून सांगा, म्हैस काढतात का, आणि शिंगं रंगवलेली काढली तर जास्तीचे किती.